हिरोच्या सहीचा हेडफोन

मनसारामने आयुष्यात एकदाच स्वतःसाठी हौसेची वस्तू घेतली, आणि तिच्यापायी त्याला सरकारी दवाखान्यातून आपले दोन्ही कान शाबूत असल्याचा दाखला आणावा लागला. तो दाखला आजही त्याच्या कपाटात, मुलाच्या जन्माच्या दाखल्याला लागून, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कोणी पाहुणा आला आणि विषय गाण्याबजावण्यावर गेला की मनसाराम तो काढून दाखवतो. यावर काय बोलायचं असतं ते पाहुण्याला माहीत नसतं. तो म्हणतो, "छान आहे."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एका सरकारी कार्यालयात मनसाराम आवक-जावक टेबलावर बसतो. आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, गेलेल्यावर जावक क्रमांक, आणि दोन्हींवर सही आहे की नाही ते बघायचं. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे जगाकडे बघायची त्याची एक नजर तयार झाली होती. सही असेल तर तो कागद, नसेल तर रद्दी. आणि ज्याची सही, त्याची जबाबदारी. याच्या पुढचं तत्त्वज्ञान त्याला कधी लागलं नाही.

ऑफिसबाहेरचा मनसाराम म्हणजे नवयुवक नाट्य मंडळाचा सचिव. मंडळातला सर्वांत लहान नवयुवक अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला मधुमेह आहे. दिवाळी झाली, धान निघालं की आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. बावीस वर्षं मनसारामने या नाटकांची परवानगी काढली, मंडप बांधून घेतला, जनरेटरवाल्याशी भांडण केलं, पडदा ओढला, आणि दरवर्षीच्या पत्रकाखाली 'आपला नम्र, मनसाराम, सचिव' अशी ठसठशीत सही केली. भूमिका मात्र त्याला बावीस वर्षांत एकदाही मिळाली नाही. मुलीच्या बापाचं, दोन गाण्यांचं काम दरवर्षी सुकलूभाऊ करायचे. सुकलूभाऊ स्टेजवर नुसतं "पोरी" म्हणायचे आणि मंडपातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. मनसाराम पडद्याची दोरी हातात धरून तेच गाणं पुटपुटत उभा असायचा.

या वर्षी सुकलूभाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते नागपूरला लेकीकडे गेले. काम मोकळं झालं. मनसारामने ऐकल्या ऐकल्या सुकलूभाऊंच्या गुडघ्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि त्याच दिवशी अर्ज दिला. अर्ज आणखी एक आला. तो पोचूचा. पोचू मनसारामच्या शेजारीच राहतो आणि राईसमिलमध्ये मुकादम आहे. मशीनच्या आवाजावर हमालांना हाका मारून मारून त्याचा गळा असा झाला आहे की त्याने घरात मीठ मागितलं तरी चौकातला दुकानदार मीठ काढून ठेवतो.

निकाल द्यायचा होता वडसा गावच्या ऑर्गन मास्तरांना, म्हणजे बापूरावांना.

"दोन गाणे आहेत," बापूराव म्हणाले. "मी दोनी म्हणून मोबाईलवर पाठवतो. चार हप्ते घ्या. चौथ्या इतवारी मी येतो. ज्याचा सूर लागन, त्याचं काम. मंग मले कोणी फोन करून कटकट करायची नाई."

गाणी आली. मनसारामने मोबाईल सुरू केला आणि त्यातून घोगरं खरखरणं ऐकू आलं. कारण असं की तो मोबाईल चार वर्षं सदऱ्याच्या खिशात खर्ऱ्याच्या पुडीला चिकटून राहिला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं जे मिश्रण चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला चालतं ठेवतं, ते स्पीकरच्या जाळीत घट्ट बसलं होतं. मनसारामने टाचणीने खर्रा उकरला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि त्या खरखरीच्या जोडीला स्वतः गाऊ लागला.

दोन दिवसांनी त्याची बायको देवकाबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "मिथुनचे बाबा, एक तं त्याले गाऊ द्या, नाई तं तुमी गा. दोघं मिळून काऊन जीव घेऊन राह्यले? शेजारची झिंगूबाई विचारत होती, घरात कोणाले उचकी लागली का म्हणून."

"हेडफोन घ्या ना, भाऊ," पोचू कुंपणावरून म्हणाला. पोचू कुंपणावरून बोलला की अख्ख्या आळीला सल्ला मिळतो. "बसस्टँडवर वायरवाले भेटते. मी तेच आणलो."

आता पोचूने बसस्टँडवरचे आणले म्हटल्यावर मनसारामला ते आणणं शक्यच नव्हतं. गायकाची एक पातळी असते. ती सांभाळायला त्याने मोबाईलवर शोध सुरू केला, आणि तिथे त्याला ती जाहिरात दिसली. हिंदी सिनेमाचा एक मोठा हिरो. त्याचं नाव इथे घेत नाही, त्या बिचाऱ्याने मनसारामचं थेट काही वाकडं केलेलं नाही. तो हिरो जंगलात एका खडकावर उभा होता, शेजारी पट्टेदार वाघ, हिरोच्या डोक्यावर काळे-सोनेरी हेडफोन आणि डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'गर्जना. हर सुर साफ.' आणि त्याखाली हिरोची सही.

"वाघ बाजूले, अन हा कान बंद करून डोरे मिटून उभा?" देवकाबाई म्हणाली. "याच्या घरी कोणी नाई का याले सांगाले?"

ही शंका आपल्याकडच्या कोणत्याही बाईला आली असती. वाघाच्या रानात सरपणाला जाताना ज्यांना पानाची सळसळसुद्धा नीट ऐकावी लागते, त्यांच्यासाठी ती जाहिरात केलेलीच नव्हती. पण मनसारामचं लक्ष वाघाकडे नव्हतं. त्याला सही दिसत होती.

"सही हाय," तो म्हणाला. "एवढा मोठा माणूस उगीच सही करन का?"

मुलगा मिथुन घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात शिफ्टवर असतो. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, ते पैसे फोटोचे असते. आवाजाचे नाई." मनसाराम म्हणाला की तू सिमेंटचं बघ.

हेडफोन यायला आठवडा लागला. पार्सल दोन दिवस मूलमध्येच फिरत होतं. मनसारामने पत्ता लिहिताना ऑफिसच्या सवयीने 'मु. पो. ता. जि.' सगळं लिहिलं होतं, फक्त घर कुठे आहे ते लिहायचं राहिलं होतं. शेवटी पार्सलवाल्याने सर्वांना माहीत असलेल्या ठिकाणी, म्हणजे राईसमिलमध्ये, ते पोचूच्या हाती दिलं. संध्याकाळी पोचू डबा घेऊन आला तेव्हा डबा उघडा होता.

"पाह्यलो वाजते का म्हणून," पोचू म्हणाला. "वाजते. पण भाऊ, कायतरी गडबड हाय."

वीस हमालांनी आणि एका मुकादमाने आधी डोक्यावर चढवून पाहिलेली वस्तू मनसारामने पुसून घेतली. डबा मात्र बघण्यासारखा होता. आत मखमल, मखमलीत खोबण, वर हिरोचं पत्र. 'प्रिय योद्ध्या,' असं सुरुवातीला लिहिलेलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मनसारामला कोणी योद्धा म्हटलं नव्हतं. पत्राखाली पुन्हा सही. त्याने बोट ओलं करून ती पुसून पाहिली. पुसली गेली नाही, तेव्हा त्याला ती पक्की वाटली.

मग त्याने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि गाणं लावलं.

धब. धब. धब. बापूरावांनी रेकॉर्डिंगला साथीला हळूच तबला ठेवला होता. तो तबला आता छातीत वाजायला लागला. बापूराव स्वतः कुठेतरी धानाच्या कणगीत उतरून, वरून झाकण लावून गात असावेत असं वाटत होतं. ऑर्गन तर नव्हताच. मनसारामने कानावरचं बटण दाबलं. एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि तबला आणखी वाढला. त्याने पुन्हा दाबलं. त्याच बाईने पुन्हा तेच सांगितलं आणि आता भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलतंय असा त्याला भास झाला.

तरी त्याने आठ दिवस त्यावरच रियाज केला. एवढी सही असलेली वस्तू चुकते कशी, असा त्याचा प्रश्न होता. सुरुवातीला असंच होतं, नंतर मोकळं होईल, असं तो स्वतःला समजावत राहिला. आठ दिवसांनी त्याने देवकाबाईला पहिलं गाणं म्हणून दाखवलं.

"ताल बरोबर हाय," ती म्हणाली. "गाणं कधी सुरू होते?"

आता आळीतला प्रत्येक जण हेडफोन घालून बघायला आला. झिंगूबाई म्हणाली की आपल्याला तर शेतातला मोटारपंप चालू असल्यावाणी वाटते, आणि तिला तेवढ्यानेही बरं वाटलं. तिने लसणाचं कोमट तेल कानात घालायला सांगितलं. ते कोणाच्या कानात, हेडफोनच्या की मनसारामच्या, हे तिने स्पष्ट केलं नाही. पोचू कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. वस्तू मोठी हाय. कंपनी मोठी हाय. आपला कानच खराब असन." हे चौकापर्यंत ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मनसारामशी मुद्दाम मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

हा घाव फार वर्मी लागला. ज्या माणसाला दहा दिवसांनी गाण्याचा सूर लावून दाखवायचा आहे, त्याचा कान गावाने खराब ठरवला होता. मनसारामने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सरकारी दवाखाना गाठला.

"काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले काई नाई जी. दाखला पायजे."

डॉक्टरांनी दोन्ही कानांत बॅटरी मारली, मागून चुटकी वाजवली, हळू आवाजात नाव विचारलं. कान उत्तम होते. तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठीवर शिक्का नव्हता. शिक्का ज्यांच्या कपाटात होता ते जेवायला गेले होते, म्हणून मनसाराम दीड तास गरोदर बायांच्या रांगेत बाकावर बसून राहिला. पण दाखला घेऊनच उठला.

मग त्याने कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडून चक्क हिरोचा आवाज आला. "हॅलो चॅम्पियन! मैं सुन रहा हूँ. बोलो." मनसाराम खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली. "नमस्कार साहेब, मैं मनसाराम, मूल से," असं म्हणून त्याने गाणं, ऑर्गन, बापूराव, कणगी आणि डॉक्टरांचा दाखला, सगळं क्रमवार, हिंदीत, साडेतीन मिनिटं सांगितलं. शेवटी हिरो म्हणाला, "हिंदी के लिए एक दबाएँ." देवकाबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे मनसारामला जास्त लागलं. आणखी चीड याची आली की त्या नुसत्या फोनवर हिरोचा शब्द न शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

तोंडी काम होत नाही म्हटल्यावर मनसाराम आपल्या मैदानात उतरला. त्याने अर्ज लिहिला. 'प्रति, मा. हिरो महोदय. विषय: आपल्या स्वाक्षरीने निर्गमित हेडफोनमधून सूर न येणेबाबत. संदर्भ: आपले पत्र, 'प्रिय योद्ध्या', दिनांक नमूद नाही.' खाली मुद्दे एक ते सात, सोबत जोडपत्र 'अ', म्हणजे कानाचा दाखला. मनसारामने त्याचा फोटो मिथुनला पाठवला आणि मिथुनने कुरकुर करत तो कंपनीला पुढे पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, आमच्या गर्जना परिवारात आपलं स्वागत, दुसऱ्या जोडीवर सवलत. खाली पुन्हा सही. शेवटी एका ओळीत अधिकृत सेवा केंद्राचा पत्ता होता. चंद्रपूरचा.

बापूराव यायला सहा दिवस उरले होते. सोमवारी मनसाराम एसटीने चंद्रपूरला गेला. त्या पत्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याने सवयीच्या आवाजात सांगितलं, "घुग्घुसला गेलं ते. रोज दोघं-तिघं येतात." मंगळवारी तो घुग्घुसला गेला. कोळशाच्या ट्रकांमागून बस रांगत निघाली, आणि उतरेपर्यंत मनसारामच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग बदलला होता. सेवा केंद्र म्हणजे खाणीतल्या कामगारांचे बूट आणि टोप्या विकणाऱ्या दुकानातलं अर्धं काउंटर. तिथे तिशीतली एक बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली होती. पाटीवर नाव होतं, रंजीता.

तिने हेडफोन आपल्या मोबाईलला जोडले, ऐकले. मग कपाटातून नवी कोरी दुसरी जोडी काढली, ऐकली, मनसारामलाही ऐकवली. धब धब धब. तिसरी काढली. धब धब धब.

"काका, हे खराब नाई आहे," ती म्हणाली. "हे असंच आहे."

"असंच म्हणजे?"

"सगळे पीस असेच वाजतात. यातला एखादा चांगला वाजला असता, तं तो मी बदलून देला असता."

मनसारामने पिशवीतून दाखला काढला, अर्जाची प्रत काढली, जावक क्रमांकासकट तिच्यापुढे ठेवली. "अन हे सही? हर सुर साफ लिहून खाली सही केलन त्यानं! ज्याची सही, त्याची जबाबदारी. त्याले विचारा."

रंजीताने हेडफोनचा डबा उलटा केला आणि तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवली. दाखवलेली व्यक्ती फक्त प्रसिद्धीसाठी आहे, वस्तूच्या आवाजाशी तिचा संबंध नाही. मग तिने अर्जाखालचं नाव वाचलं, आणि वर मनसारामकडे बघितलं.

"काका, तुमी मूलच्या नवयुवक मंडळाचे सचिव ना?"

मनसारामचा चेहरा उजळला. इतक्या लांब, इतक्या धुळीत, कोणीतरी ओळखलं होतं. "हो! नाटक पाह्यलं का तुमी आमचं?"

"तीन सालाआधी. टीव्हीवरच्या त्या बाईचा फोटो होता पत्रकावर, एवढा मोठा. गाडी करून आठ जण आलो आमी. आई तं तिच्यासाठी नवं लुगडं नेसून आली होती. ते बाई आली, हात जोडलन, 'कसे आहात, चंद्रपूरकर' म्हणलन मूलमधी, अन दोन मिनिटांत गाडीत बसून गेली."

"पत्रकावर 'खास उपस्थिती' लिहिलं होतं जी," मनसाराम ताबडतोब म्हणाला. "काम करन असं कुठी लिहिलं नव्हतं."

हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. तीन वर्षांपूर्वी मंडपाच्या दारात चिडलेल्या चाळीस माणसांना त्याने याच वाक्याने गप्प केलं होतं, आणि आपण किती बारकाईने पत्रक लिहिलं याचं त्याला कौतुकही वाटलं होतं. आज ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं. कान शाबूत होते, त्यामुळे नीट ऐकू आलं.

"हो ना," रंजीता म्हणाली. "अन खाली सही कोणाची होती, काका?"

बाहेरून एक ट्रक गेला. काउंटरवर धूळ बसली आणि रंजीताने ती फडक्याने पुसली. त्याची पडलेली मान बघून तिला वाईट वाटलं असावं.

"पण आई नाराज नाई झाली," ती म्हणाली. "पोरीच्या बापाचं काम करत होता ना तो म्हातारा, त्याच्या गाण्यानं आई घरी येईपर्यंत रडली. आजई नाव काढते त्याचं." तिने हेडफोन उचलून त्याच्या हातात दिले. "यात तो म्हातारा नाई आहे, काका. फक्त ते टीव्हीवाली बाईच आहे."

परतीच्या बसमध्ये मनसाराम खिडकीशी बसला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. सूर शोधायला तो वीस दिवस सहीच्या मागे धावत होता. आणि ज्याचा सूर बावीस वर्षं त्याने दहा हातांवरून ऐकला होता, त्याला काम सुटल्यापासून त्याने एक फोनसुद्धा केला नव्हता. त्याने सुकलूभाऊंना फोन लावला.

"गुडघा कसा हाय?" त्याने विचारलं.

"गुडघ्याचं राहू दे," सुकलूभाऊ म्हणाले. "कोण करून राह्यला माझं काम?"

मनसारामने घाबरत सांगितलं. मग सुकलूभाऊंनी, नागपूरला लेकीच्या पलंगावर पाय उशीवर ठेवून, पहिल्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. खर्ऱ्याने भरलेल्या त्या मोबाईलला कान लावून मनसारामने ती ऐकली. आवाज बारीक होता, पण एकूण एक सुरावट त्यात होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज सकाळ-संध्याकाळ असा रियाज चालला. "'पोरी' म्हणताना वर नको जाऊ," सुकलूभाऊ रागवायचे. "बाप हाय तू. हाक मारून राह्यला का लिलाव करून राह्यला?" शनिवारी दुसरं गाणं सुरू करायचं होतं. शनिवारी फोन लेकीने उचलला. बाबांना डॉक्टरांनी आराम सांगितला आहे आणि ते तीन दिवस झोपलेले नाहीत, तेव्हा काका, आता पुरे, असं ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. दुसरं गाणं राहून गेलं.

या तीन दिवसांत हेडफोनला घरात पहिल्यांदा काम मिळालं. मनसाराम रियाजाला बसला की देवकाबाई ते कानावर चढवून तांदूळ निवडायला बसायची. ते सुरू करायची गरज नव्हती. नुसते घातले तरी बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. "चांगला हाय," ती म्हणाली. "उगीच नावं ठेवत होते तुमी."

रविवारी सकाळी बापूराव आले. मंडळाच्या खोलीत ऑर्गन मांडला. पोचूने आधी दोन्ही गाणी म्हटली. बसस्टँडवरच्या वायरीतून शिकलेली, आणि संताप आणणारी गोष्ट म्हणजे सूर बरोबर होता. फक्त 'पोरी' म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की पोरीने लगेच पोतं उचलावं. मग मनसाराम उभा राहिला. पहिलं गाणं त्याने म्हटलं. मधल्या एका वळणावर बापूरावांचा हात ऑर्गनवर थबकला.

"हे वळण मी नाई पाठवलो," ते म्हणाले.

"सुकलूभाऊचं हाय."

बापूरावांनी नुसती मान हलवली. पण दुसरं गाणं सुरू झालं, आणि त्यात ताल होता, ठेका होता, धब होतं, आणि सूर कुठेच नव्हता. आठ दिवसांचा गर्जनेवरचा रियाज स्वच्छ दिसत होता. बापूरावांनी हात जोडून ते थांबवलं.

"ऐका आता," ते म्हणाले. "बाप मनसारामच वाटते, काम त्याचं. पह्यलं गाणं त्याचं. दुसरं पोचू परद्यामागून म्हणन, मनसाराम समोर तोंड हालवन. लोकायले समजत नाई."

बावीस वर्षांनी काम मिळालं, आणि मनसाराम घरी आला तो तरातरा पाय आपटत. चेहरा त्याचा, आवाज पोचूचा. खडकावर उभ्या राहिलेल्या त्या हिरोची आणि त्याची जात एकच झाली होती, फक्त वाघ तेवढा कमी होता. त्याला काम सोडून द्यावंसं वाटलं. पण सोडलं तर पहिलं गाणंही पोचूकडे जाणार, आणि सुकलूभाऊंचं ते वळण पोचूच्या गळ्यात गेलं असतं तर त्याची हमालीच झाली असती.

संध्याकाळी छापखान्यातून पत्रकाचा नमुना आला. वर यंदाच्या टीव्हीवालीचा फोटो, अर्ध्या पानाचा. खाली, 'दोन सुमधुर गीते: मनसाराम.' सर्वांत खाली सहीसाठी मोकळी जागा. मनसारामने लाल पेन काढला आणि कार्यालयात करतो तशी दुरुस्ती केली. फोटोखाली लिहिलं, 'सदर अभिनेत्री फक्त दोन मिनिटे येतील. नाटक आम्हीच करणार आहोत.' गाण्यांच्या जागी लिहिलं, 'पहिले गीत: मनसाराम, शिकवणारे सुकलूभाऊ. दुसरे गीत: आवाज पोचूभाऊ, तोंड मनसाराम.' छापखानेवाला फोनवर ओरडला की असं पत्रक काढलं तर कुत्रंही येणार नाही. मनसाराम म्हणाला की अक्षरं मोठी ठेवा, मुंगीएवढी नकोत. आणि त्याने सही केली.

पत्रक गावोगाव चिकटवलं त्या दिवशी दोन फोन आले. एक घुग्घुसच्या सेवा केंद्रातून होता. आठ जागा ठेवा, रंजीता म्हणाली, आई येतो म्हणते. तो म्हातारा नसला तरी त्याचं गाणं हाय म्हणून. दुसरा फोन मिथुनचा होता. त्याने विचारलं, "बाबा, तोंड मनसाराम असं खरंच छापलं का?"

संध्याकाळी पोचू कुंपणाऐवजी दारातून आला. त्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी छापलं गेलं होतं. पत्रक घडी करून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. त्याने खर्ऱ्याची पुडी उघडून मनसारामपुढे धरली आणि त्याच्या मानाने हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, एकदा संग करून पाहू का?"

अंगणात तालीम सुरू झाली. देवकाबाई सूप घेऊन ओट्यावर बसली आणि सवयीने हेडफोन चढवले. मनसारामने पहिलं गाणं घेतलं. 'पोरी' म्हणताना तो वर गेला नाही. सुकलूभाऊंच्या त्या वळणावर आला तेव्हा त्याने सहज ओट्याकडे पाहिलं. देवकाबाईने एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला होता. तिचे हात सुपात तसेच थांबले होते, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

गाणं संपलं. पोचू दोरीवर टाकलेल्या चादरीमागे गेला, त्याने घसा साफ केला आणि दुसरं गाणं सुरू केलं. मनसाराम समोर उभा राहून तोंड हलवू लागला. देवकाबाईने हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर नीट बसवले आणि ती तांदूळ निवडू लागली.